काचेखालची लाजाळू

मंगळू पाटलाच्या अंगणात त्या सकाळी इतकी माणसं जमली होती, की कोंबड्यांना खाली जागा उरली नाही. त्या कुडावर जाऊन बसल्या. भाताची लावणी अर्धी टाकून लोक आले होते. वरच्या पाड्यातले आले, नाल्यापलीकडचे आले, हरसूलच्या बाजाराला निघालेल्या दोघीतिघी डोक्यावरच्या टोपल्यांसकट इकडेच वळल्या. सगळ्यांच्या नजरा ओट्यावर. ओट्यावर पितळेची परात, परातीत झेंडूच्या फुलांची रास, राशीत मातीची कुंडी, कुंडीत लाजाळूचं रोप, आणि या सगळ्यावर काचेचा एक घुमट. घुमटाच्या डोक्यावर धरायला काचेचाच गोटा.

लाजाळू आम्हाला नवी नाही. करंजपाड्याच्या प्रत्येक बांधावर ती उगवते. पाय लागला की मिटते, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. पण ही लाजाळू मिटत नव्हती. काच क्षणभर वर झाली, की बाया एकामागून एक येऊन तिला हात लावत होत्या आणि तिची पानं जशीच्या तशी पसरलेली. चमत्कार तो हाच.

"तुमच्या बांधावरची ती जंगली!" पर्णानंद महाराज सांगत होते. भगवी लुंगी, अंगाला अत्तर इतकं की दहा पावलांवर शिंक यावी. "तिला कुणीही हात लावा, मिटते. तिला चालचलन नाही. ही लज्जामाता आहे. हिमालयातली. शुद्ध हाताला ही घाबरत नाही. पापी हात लागला की मान खाली घालते. सायन्स जिथं थकतं, तिथून माझी माता चालायला लागते. अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी हिच्यापुढे हात टेकले. बोला, लज्जामाता की..."

"जय!"

अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी हात टेकले तेव्हा पान मिटलं की नाही, हे कुणी विचारलं नाही.

हा माणूस आमच्याकडे उगाच आला नव्हता. ते अठ्ठ्याण्णव साल. पाड्यात जुलाबाची साथ होती. लहान पोरं गळून गेली होती. मंगळू पाटलाचा नातू सगळ्यांत जास्त आजारी. डोळे आत गेलेले, रडला तरी डोळ्यांत पाणी येत नव्हतं. आमच्याकडची जुनी रीत अशी, की पोराला जुलाब लागले की त्याचं पाणी तोडायचं. वरून घातलं की खालून जातं, मग घालायचंच कशाला, असा हिशेब. पोर पाण्यासाठी तळमळत होतं आणि घरचे त्याच्यासमोरून घागर उचलून नेत होते. शेजारच्या मैनाला ते बघवलं नाही. तिनं पाटलीण नाल्यावर गेलेली बघून पोराला वाटीभर पाणी पाजलं. रात्री पोराला पुन्हा जुलाब झाले. झालं. पाण्यातून मैनानं काय घातलं, अशी कुजबुज सुरू झाली. मैना विधवा, तोंडानं फटकळ, मागेपुढे कुणी नाही. पाड्यात डाकीण आहे असं ठरायला एवढं पुरतं.

आमचा भगत म्हातारा भिका. तो म्हणाला, "डाकीण नाय दिसत मला. नाल्याचं पाणी खराब हाय." त्याचं म्हणणं कुणाला आवडलं नाही. मंगळू पाटलानं वरच्या पाड्यात गाजत असलेल्या महाराजाला बोलावणं धाडलं. तिथं त्यानं एक डाकीण शोधून दिली होती. ती बाई आता कुठं आहे, कुणाला माहीत नाही. तिच्या घराची कौलं मात्र तीन घरांवर दिसतात.

कौल घ्यायला बायांना रांगेत उभं केलं. फक्त बायांना. बाप्ये ओट्याखाली बसून विड्या ओढायला निघाले, तर महाराज ओरडले, "विडी नको! उदबत्ती नको, धूप नको, दिवासुद्धा नको! मातेला धूर वर्ज्य आहे."

भिका माझ्या शेजारी बसला होता. तो पुटपुटला, "बिनधुराचा देव मी जन्मात नाय पाह्यला, सिंधूबाय."

"हिमालयातला हाय," मी म्हटलं. "तिथं लाकूड मिळत नसंल."

रांग आमच्या नेहमीच्या रीतीनं लागली. ही रीत कुणी सांगावी लागत नाही. लग्नाची हळद असो, देवाचा नैवेद्य असो, पाटलाच्या घरची बाई पुढे, मग जमीनवाल्यांच्या बाया, मग मोलमजुरीवाल्या, शेवटी विधवा. महाराजांनी तर मोठ्या मनानं सांगितलं, "माझ्या मातेच्या दारात गरीब-श्रीमंत नाही, सधवा-विधवा नाही. तुमच्या मानानं या."

आम्ही आमच्या मानानं गेलो.

महाराजांनी काच उचलली. पाटलीण भागीबाई पुढे झाली, पानाला बोट लावलं. पान ढिम्म. "शुद्ध!" लोक जयजयकार करू लागले. भागीबाई मागे येताना नाक पुसत म्हणाली, "अत्तराच्या खाली दवाखान्यावाणी वास येतोय गं."

"मातेचा सुगंध आहे," महाराज म्हणाले.

मग दुसरी, तिसरी. प्रत्येकीच्या वेळी महाराज सावकाश मंत्र म्हणत, तांदूळ टाकत, घाई काही नव्हती. माझा नंबर मागून दुसरा. माझ्या बोटानं पानाच्या टोकाची दोन-चार पातं हळूच हलली आणि अर्ध्यावर थांबली. महाराजांनी डोळे बारीक केले, "किंचित दोष आहे. नारळ वाढव, जाईल." म्हणजे माझ्यात पाव डाकीण निघाली, नारळात भागणारी.

माझ्यामागे मैना. तिनं बोट लावलं आणि अख्खं पान पातं-पातं मिटत गेलं, देठासकट खाली लवलं.

अंगणात एकच गलका झाला. मैना तशीच उभी, बोट पुढे धरलेलं, जणू ते तिचं नव्हतंच.

"कौल दोनदा लागतो," महाराज म्हणाले. घाई करणारा भोंदू कच्चा असतो. हा मुरलेला होता. "उद्या पुन्हा. उद्याही माता हिलाच लाजली, तर मग निर्णय तुमचा. मी हिंसा सांगत नाही. हिनं गाव सोडावं, एवढंच."

संध्याकाळपर्यंत मैनाच्या दारासमोर लाकडं येऊन पडली होती. कुणी आणली, कोण जाणे. पावसाळ्यात सुकी लाकडं सहज मिळत नाहीत. कुणीतरी घरातली काढून दिली होती.

मी आश्रमशाळेकडे निघाले. तिथं स्नेहा पगारे नावाच्या बाई विज्ञान शिकवत. ओझरच्या विमान कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, नाशिकच्या कॉलेजातून शिकून आलेली. सकाळी पोरांना शिकवायची आणि संध्याकाळी आमच्यासारख्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना अक्षरं. तिच्याच हाताखाली मी पाटी धरली होती, म्हणून तिच्या दारी जायला मला संकोच नव्हता.

तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, चिडली नाही, फक्त मधेमधे विचारत राहिली.

"मावशी, काचेचा घुमट कसा? वर धरायला गोटा?"

"हो. मोठ्या घंटीवाणी."

"आणि दिवा, धूप काहीच नाही?"

"विडीपण नाय ओढू दिली."

"पाटलीणबाई काय म्हणाल्या वासाचं?"

"दवाखान्यावाणी."

"आणि तुमच्या वेळी पान अर्धंच हललं. तुमच्यामागे मैनाबाई, शेवटच्या." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "वरच्या पाड्यातली ती बाई, तीही विधवाच होती का?"

"हो. का बरं?"

"रांगेत शेवटी असणार."

मी मान हलवली. रांगेत ती दुसरीकडे कुठं असणार?

"मावशी, उद्या मी येते. मैनाबाईंना एकच सांगा. काच उचलल्या-उचलल्या हात लावायचा. मंत्राची वाट बघायची नाही. बाकी कुणाला काही बोलू नका."

"पण पान मिटलं तर?"

"मिटणार नाही."

तिला एवढी खात्री होती, याचाच मला धीर वाटला. मैनाला मात्र वाटला नाही. ती चुलीपुढे बसली होती, चूल न पेटवता. म्हणाली, "सिंधूबाय, त्या पानाला खरंच काय कळत असंल तर? मी पाटलीणीला मनात लय शिव्या दिल्यात."

"मनातल्या शिव्यांनी पानं मिटायला लागली, तर आपल्या डोंगरावर एक झाड उभं नाय राहायचं," मी म्हटलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट. कुणाचंतरी घर उठणार म्हटलं की लोकांना लावणी आठवत नाही. महाराज रोपावर काच घालून, डोळे मिटून बसले होते. पगारे बाई सरळ ओट्यापाशी आल्या, हात जोडले.

"महाराज, मी शाळेत शिकवते. एक शंका होती."

"विचार, बाळ." शिकलेली बाई हात जोडून आली की महाराज लोक फुलतात.

"काल आपण म्हणालात, मातेच्या दारात सधवा-विधवा भेद नाही. खरं ना?"

"शंभर टक्के खरं."

"मग आज रांग शेपटाकडून लावू या. मैनाबाई पहिल्या, पाटलीणबाई शेवटी."

महाराजांचे डोळे उघडले. मंगळू पाटील उठला. "इधवा पहिली? असं कुठं झालंय, म्याडम? आमची रीत हाय."

"बरोबर," महाराजांनी लगेच पाटलाचा आधार घेतला. "परंपरा मोडू नये. माता कोपते."

भिका तोंडातली तंबाखू थुंकून म्हणाला, "कौल खरा असंल तर पुढून काय नि मागून काय. तिठंच लागंल."

लोक कुजबुजू लागले. निकाल लागला तो वेगळ्याच कारणानं. भागीबाई पदर खोचत म्हणाली, "होऊ द्या की. डाकीण पहिलीच धरली तर लवकर मोकळं होऊ. माझी आवणी राहिलीय चिखलात." यावर सगळ्या बाया हो म्हणाल्या. भक्तीपेक्षा चिखलातली रोपं जड होती.

महाराजांचा नाइलाज झाला. पण तो कच्चा नव्हता, हे मी आधीच सांगितलं. त्यानं काच उचलून बाजूला ठेवली आणि मोठा मंत्र सुरू केला. एवढा लांब मंत्र काल कुणासाठी म्हटला नव्हता. ओंकार, मग नद्यांची नावं, मग पर्वतांची. तो सह्याद्रीपर्यंत पोचला, तेव्हा मी मैनाच्या पाठीत बोट खुपसलं.

मैना पुढे झाली आणि पानाला हात लावला.

"थांब!" महाराज ओरडले. "मंत्र झाला नाही!"

पान ढिम्म. मैनानं दुसऱ्या पानाला बोट लावलं. मग तिसऱ्याला. मग चिडून तळवाच फिरवला. एक पातं हललं नाही.

"मंत्र मातेला लागतो की तुम्हाला?" पगारे बाईंनी विचारलं.

अंगणातले लोक एकमेकांकडे बघू लागले. मैना आपल्या हाताकडे बघत होती.

महाराजांनी क्षणभरात चेहरा बदलला. हात वर केले. "जय हो! मातेनं क्षमा केली! काल पाप होतं, रात्री हिनं पश्चात्ताप केला, आज धुऊन निघालं. कार्यक्रम समाप्त!" आणि काच पुन्हा रोपावर ठेवायला लागले.

तेवढ्यात बाई काच आणि रोप यांच्या मधे उभ्या राहिल्या. "समाप्त कसा? बाकीच्या बायांनी काम टाकलंय."

"अगं, निकाल लागला ना!"

"मग डाकीण कोण?" मंगळू पाटील म्हणाला. त्याला डाकीण हवी होती. नातू घरात निपचित पडला होता आणि कुणाचा तरी राग कुणावर तरी काढायचा होता. "पाड्यात कुणीतरी हायच. सगळ्यांचा कौल होऊ द्या."

"आणि मी का राहू?" भागीबाई कडाडली. "काल पहिली होते, आज गाळली, तर लोक म्हणतील पाटलीण भ्याली!"

मग रांग सुरू झाली. मी मैनाच्या मागे होते. या वेळी पान माझ्यापुढेही हललं नाही. रात्रीत माझ्यातली पाव डाकीण कुठं गेली, देव जाणे. नारळ मी वाढवला नव्हता. बाई कुणाला घाई करू देत नव्हत्या, प्रत्येकीला शांतपणे पानं निवडू देत होत्या. महाराज मंत्र विसरले होते. त्यांचं लक्ष सारखं रोपाकडे आणि अंगणाच्या फाटकाकडे. रांग पुढे सरकली, तशी एकीच्या बोटाखाली टोकाची पातं थरथरली. पुढच्या बाईच्या वेळी अर्धं पान हललं. ती घाबरून मागे सरली. "म्हाळसाक्का, उभी राहा," बाई म्हणाल्या, "काही होत नाही."

आणि मग भागीबाई. ती पुढे आली ती डोक्यावरचा पदर सारखा करून, सगळ्यांना दिसेल असं बोट उंच धरून. पानाला बोट टेकलं.

पान मिटलं. शेजारचं मिटलं. देठ खाली लवला. अख्खी लज्जामाता एका झटक्यात मान टाकून बसली.

भागीबाईचं बोट तसंच. तिनं वळून नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात कालची मैना होती.

मंगळू पाटील दोन पावलं पुढे आला. आणि काय सांगू, त्या क्षणी आमच्या पाड्यात जेवढा शास्त्रीय विचार पसरला, तेवढा वर्षभराच्या शाळेत पसरला नव्हता.

"अहो, रोपटंच हाय ते!" पाटील म्हणाला. "रोपट्याला काय कळतंय! हात लागला की मिटायचंच!"

"मिटायचंच!" दहा जण बोलले.

"लाजाळू हाय, लाजाळू!" ज्यानं काल सगळ्यांत मोठा जयजयकार केला होता, तो ओरडला.

मैना पायरीवर बसली होती. ती उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "काल मी लावला तवा ते रोपटं नव्हतं का? काल माझ्या दारात लाकडं पडली. आज पाटलीणीच्या दारात कोण टाकणार? सांगा ना. मी मोजून बघते कोण-कोण येतंय."

काहीजण जमिनीकडे बघू लागले. जमीन चिखलाची होती, बघण्यासारखं काही नव्हतं.

"हिनं मातेला विटाळलं!" महाराज मैनाकडे बोट करून उठले. "मी जातो, इथे आता..."

"बसा," भिका म्हणाला. तो फाटकात उभा होता. हातात काठी होती, ती त्याची रोजचीच, पण या वेळी ती चालायला नव्हती.

पगारे बाईंनी परातीतली फुलं बाजूला केली. कुंडीच्या भोवती कापसाचे बोळे निघाले, अजून ओलसर. तिनं एक बोळा भागीबाईच्या नाकाशी नेला. "हाच वास होता?"

"ह्योच! दवाखान्याचा!"

"याला ईथर म्हणतात. पूर्वी ऑपरेशनच्या आधी माणसाला हुंगवून बेशुद्ध करत. कॉलेजात आम्ही हाच प्रयोग केला होता. लाजाळूचं रोप, शेजारी ईथरचा बोळा आणि वर असाच काचेचा घुमट. थोड्या वेळानं रोप गुंगीत जातं, हात लावला तरी मिटत नाही. काच काढली की वास उडून जातो आणि रोप हळूहळू शुद्धीवर येतं. म्हणून रांगेतल्या पहिल्या बाया शुद्ध, शेवटची पापी. महाराजांना डाकीण शोधायची गरजच नव्हती. रांग तुम्ही लावत होता. शेवटी कोण उभं राहणार, ते तुम्हीच ठरवत होता."

हे मात्र लोकांना आवडलं नाही. ईथर समजलं, रांग समजायला वेळ लागला.

"आणि धूर का वर्ज्य?" भिकानं विचारलं.

"काडी आहे का भिकाबाबा?"

बाईंनी सगळ्यांना मागे सारलं, बोळा चिमट्यानं उचलून अंगणाच्या टोकाला दगडावर ठेवला आणि लांब काटकीच्या टोकाला जाळ लावून तो पुढे धरला. जाळ बोळ्यापर्यंत पोचायच्या आतच बोळा भप्पकन पेटला. बाया किंचाळल्या. भिका खूश झाला. "बरं झालं काल विडी नाय पेटवली! माता महाराजासकट हिमालयात गेली असती!"

"कुठल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता?" बाईंनी महाराजांना विचारलं.

महाराज हिमालय सोडून साध्या मराठीत म्हणाले, "चपराशी होतो. काढून टाकलं." तेवढं एकच वाक्य तो खरं बोलला असावा. त्याला पोलीस पाटलाच्या ताब्यात दिलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

बाई ओट्यावर बसल्या. मिटलेलं रोप मांडीशी घेतलं. "आता गंमत बघा. मंत्र कुणी म्हणायचा नाही. थांबायचं फक्त."

आम्ही थांबलो. आणि थोड्या वेळानं पानं हळूहळू उघडू लागली. मिटली होती क्षणात, उघडायला मात्र बराच वेळ लागला.

"मिटायला क्षण आणि उघडायला एवढा वेळ का?" बाईंनी विचारलं. "पाटील, नाल्याचं पाणी तुम्ही वरच्या तुकड्यात कसं नेता?"

"इंजन लावतो."

"आणि वरून खाली यायला?"

"खाली येतंय आपसूक. त्याला कशाला इंजन?"

"तसंच आहे. देठाच्या बुडाशी ही फुगीर गाठ दिसते? हिच्यात लाखो पेशी आहेत. पेशी म्हणजे बारीक खोल्या समजा, प्रत्येकीला पातळ पडदा. त्या पडद्यात बारीक पंप बसवलेले असतात. ते मिठासारखे क्षार आत भरत राहतात. आत आधीच जास्त क्षार, तरी अजून आत. म्हणजे चढावर. क्षार जातील तिकडे पाणी जातं. खोली फुगते, पान ताठ उभं राहतं. हात लागला की पडद्यातली दारं उघडतात, क्षार बाहेर धावतात, पाणी त्यांच्यामागे. उतारावर. गाठ ढिली पडते, पान मिटतं. पुन्हा उघडायचं तर पुन्हा उपसा. ईथरनं ही दारंच गुंगीत जातात. मग हात लावला तरी उघडत नाहीत."

"डिझेल कुठलं मग त्याला?" मंगळू पाटलानं विचारलं. इंजिनवाल्या माणसाला हा प्रश्न पडायचाच.

"ऊन. उन्हातून झाड साखर बनवतं, ती जाळून पंप चालतात. आपल्यात भाकर जाळून. तुम्ही झोपलात तरी तुमच्या अंगातल्या प्रत्येक पेशीचे पंप चालूच असतात. खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा त्यातच जातो. ते थांबले तर माणूस संपला."

मग ती भागीबाईकडे वळली. आवाज बदलला. "आत्या, नातवाला पाणी बंद केलंय ना?"

"वरून घातलं की खालून जातंय."

"नुसतं पाणी जातं थोडं तसं. पण आतड्याच्या पेशीही असाच उपसा करतात. एका बाजूनं मीठ सतत बाहेर उपसून आत जागा करतात. मग दुसऱ्या बाजूनं आतड्यातलं मीठ आत ओढता येतं, पण जोडीला साखर असली तर. मीठ आणि साखर जोडीनं आत जातात, पाणी त्यांच्यामागे. जुलाबातसुद्धा हे दार चालू राहतं. म्हणून उकळून गार केलेल्या पेलाभर पाण्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ. चमच्यानं, थोडं थोडं, सारखं. आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. माझ्याकडे अशाच मीठ-साखरेची तयार पाकिटं आहेत, वाटेत पाजत जाऊ."

"म्हणजे पाणी पाजायलाच पायजे होतं?"

"पाजायलाच पाहिजे होतं."

भागीबाईनं मैनाकडे बघितलं. मैना उठली आणि पाटलाच्या घरात न विचारता गेली. आतून तिचा आवाज आला, "साखर कुठं ठेवलीस गं, भागे? असं नको उभी राहू, पोराला आण इकडं."

तो पोरगा वाचला. दवाखान्यात दोन दिवस सलाइन लागलं, बाकी सगळं चमच्यानंच झालं. नाल्याच्या पाण्यात भिका म्हणत होता तेच निघालं. तेव्हापासून पाड्यात पाणी उकळतात. सगळे नाही, पण बरेच.

हे मी लिहून ठेवते आहे, कारण महाराज गेला तरी त्याचा धंदा गेला नाही. दुसरा येईल. त्याच्याकडे लाजाळू नसेल, दुसरं काही असेल. तेव्हा एवढं करा. ज्याच्यावर बोट दाखवलं आहे, त्याच्याकडे बघू नका; ज्यानं दाखवलं आहे, त्याच्या हाताकडे बघा. काय चालत नाही म्हणतो, ते विचारा. पहिल्याला शेवटी आणि शेवटच्याला पहिलं उभं करून बघा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर आधी दवाखाना गाठा.

पंपाचं बाईंनी सांगितलं, ते मला रोज आठवतं. संशयाला काही करावं लागत नाही, तो उतारावरून आपसूक घरोघर पोचतो. शहाणपणाला मात्र रोज चढावर न्यावं लागतं. कुणीतरी उठून, भाकर खाऊन, ते काम करायला लागतं. तुम्ही करा. मैना तिच्या घरात राहते आहे.